चौथी बाटली

गुरांचा डॉक्टर म्हणून मी बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, आणि तेवढ्या काळात कुणाचं कौतुक करायची वेळ माझ्यावर फारशी आली नाही. वरिष्ठांचं केलं नाही, म्हणून बढती उशिरा मिळाली. गुरांच्या मालकांचं केलं नाही, म्हणून लोक मला तिरसट म्हणायचे. पण दोघांपुढं मी मनापासून हात टेकले. त्यातला एक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि दुसरी कोसमटोल्याची रुखमाबाई. दोघांची गाठ मला एकाच उन्हाळ्यात पडली.

साल १९५५. मी नुकताच पास होऊन ब्रह्मपुरीच्या गुरांच्या दवाखान्यात लागलो होतो. नागपूरचा, पंचवीस वर्षांचा, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की खात्री असलेला. वैशाखात एक दिवस कोसमटोल्याचे बापूजी बैलगाडी घेऊन दवाखान्याच्या दारात उभे राहिले. पन्नाशीचा, काळाभोर, कमी बोलणारा माणूस.

"सायेब, तुमची एक चिठ्ठी पायजे," ते म्हणाले. "आमचा तलाव साफ करून राह्यलो आमी. श्रमदान. ब्लॉकचे सायेब येनार हायेत नारळ फोडाले. पन एका कोपऱ्यावर माही भावजय काट्या लावून बसली हाये. हटत नाई."

"काट्या कशाला?"

"आठ वर्सांआधी तिथी तिचा बैल फाशीनं मेला. मंग गावातले चौदा ढोरं मेले. मंग माहा भाऊ मेला. दादाजी. ते म्हनते, जंतू अजून तिथीच हाये. तुमी या, पाहा, आन् मेला म्हनून लिवून द्या. मंग ते आयकन."

फाशी म्हणजे सकाळी चरायला गेलेलं जनावर दुपारी पाय ताणून पडलेलं, आणि नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त. माणसाला झाली तर अंगावर काळी पुळी येते, आणि वेळेत औषध मिळालं नाही तर माणूसही जातो. मी दुसऱ्याच दिवशी गेलो.

धानाच्या मुलखात तलावाचा गाळ म्हणजे सोनं. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ खणायचा, गाड्यांत भरायचा आणि प्रत्येकाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पसरायचा. त्या जोरावर पुढची चार वर्षं धान उभं राहतं. मालगुजारांची जमीनदारी गेल्यापासून कोसमटोल्याचा तलाव कुणी खणला नव्हता. गाव उत्साहानं फुललं होतं. पण सगळ्यात जाड गाळ आणि गाड्या उतरायची एकमेव सोपी वाट नेमकी पूर्वेच्या कोपऱ्यात होती, आणि तिथं बोरीच्या काट्यांचं छातीएवढं कुंपण. आत गुडघाभर वाळकं गवत. आठ वर्षांत त्याला ना विळा लागलेला, ना तोंड.

कुंपणापाशी रुखमाबाई उभी होती. पंचेचाळीसच्या घरातली, उंच, हातांवर जुन्या-नव्या ओरखड्यांची जाळी. तिनं मला नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "तुमीच लिवून देनार काय?"

"हो."

"पाहून देनार का आयकून देनार?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणालो, "बाई, आठ वर्षं झाली. आठ उन्हाळे, तुमच्या या चांदा जिल्ह्याचे. आठ पावसाळे तलाव इथवर भरला. आमच्या दवाखान्याच्या तेव्हाच्या कंपाउंडरनं फिनाईल ओतलं होतं ना?"

"वतलं होतं. नथ्थूजी कंपाउंडर होते तवा. खड्डा बुजवला, चुना टाकला, फिनाईल वतलं, तनस टाकून दोन दिवस जाळलं. आन् मले सांगतलं, बाई, डाक्टर तपासून मेला म्हनून लिवून देत नाई तोवर इथी कोनाले पाय टाकू देऊ नको. मंग त्याईची बदली झाली. ते वारले म्हनतात. त्याईच्यामागं कोनी आलंच नाई." तिनं पदर खोचला. "मी वाट पाहून राह्यलो, सायेब."

झाडीपट्टीतल्या बाया स्वतःबद्दल 'मी राह्यलो' असं बोलतात, ते मला अजून सवयीचं नव्हतं. पण मी हसलो नाही. आठ वर्षं दर वर्षी वाळवीनं खाल्लेल्या काट्या काढून नव्या काट्या लावणारी बाई, आणि तेही कुणी एका कंपाउंडरच्या शब्दावर! बाजूला उभा असलेला पत्रू कोतवाल म्हणाला, "सायेब, गावाची ढोरं आत घुसली तं ते काठी घेऊन धावते. लोक येडी म्हनतात तिले." ती ऐकत होती, पण तिनं मानसुद्धा वळवली नाही.

आता खरं सांगतो. मी तिथंच चिठ्ठी लिहून देणार होतो. पेन उघडलंही होतं. पण 'पाहून का ऐकून' हे तिचं वाक्य डोक्यात बसलं होतं. म्हटलं, हिचं तोंड असं बंद करू की पुन्हा कुणी गुरांच्या डॉक्टरला असला प्रश्न विचारणार नाही.

दोन दिवसांनी मी बाटल्या, स्टोव्ह आणि रबरी हातमोजे घेऊन आलो. सगळं गाव जमलं. मी कुंपणाच्या आतली, हातभर खोलवरची माती तीन बाटल्यांत घेतली. पहिली बाटली तशीच ठेवली. दुसरीत स्वच्छ पाणी घालून ती गरम पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास उभी केली. बोट घातलं तर कातडी सोलून निघेल असं पाणी. तिसऱ्या बाटलीत कार्बोलिकचं पाणी ओतलं. त्याच्या वासानं पुढच्या रांगेतली माणसं चार पावलं मागं सरली.

"हे एक दिवस-रात्र असंच राहील," मी शेखी मिरवत सांगितलं. "साधा जंतू या पाण्यात पाच मिनिटंही जगत नाही."

"आन् जे बाकीचे चौदा ढोरं मेले, त्याईची माती नाई घेत?" रुखमाबाईनं विचारलं.

ती चौदा गुरं गावाच्या दुसऱ्या अंगाला, पडीक टेकाडावर पुरली होती. तोवर कंपाउंडर येऊन पोचला होता आणि त्यानं एकेक जनावर सबंधच्या सबंध, खोल खड्ड्यांत पुरायला लावलं होतं. मला कंटाळा आला होता, पण उगाच वाद नको म्हणून तिथलीही माती घेतली. ती चौथी बाटली.

दवाखान्याच्या शिपायाबरोबर, नीट बंद पेटीत, बाटल्या छोट्या रेल्वेगाडीनं नागपूरच्या प्रयोगशाळेत गेल्या. त्यानंतर सोळा दिवस बापूजी एक दिवसाआड ब्रह्मपुरीला यायचे. दारात उभे राहायचे, काही न बोलता माझ्याकडं पाहायचे, मी मान हलवली की परत जायचे. पावसाळा तोंडावर आला होता. तलावात एकदा पाणी चढलं की गाळ पुढच्या सालावर.

सतराव्या दिवशी पाकीट आलं. मी ते उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खुर्चीत बसून राहिलो. पहिली बाटली: जिवंत. दुसरी, गरम केलेली: जिवंत. तिसरी, कार्बोलिकची: जिवंत. तिन्हींमधून वाढवलेले जंतू पांढऱ्या उंदरांना टोचले होते आणि उंदीर दोन दिवसांत मेले होते. चौथ्या बाटलीत मात्र काहीच नव्हतं. टेकाडावरची, चौदा गुरांची माती साफ होती.

मी पेन उघडून जी चिठ्ठी लिहिणार होतो तिचा विचार आला. ती मी लिहिली असती तर तो कोपरा फावड्यांनी खणला गेला असता, गाड्यांत भरला गेला असता आणि गावातल्या प्रत्येक बांधीत, प्रत्येकाच्या बैलाच्या पायाखाली, माझ्या सहीनं पसरला असता.

संध्याकाळी चावडीपुढं गाव बसलं. बापूजी पुढं, मांडी घालून. रुखमाबाई बायांच्या मागं, एका खांबाला टेकून. मी कागद वाचून दाखवला. कुजबुज झाली.

"पन सायेब," पत्रू म्हणाला, "जंतू म्हनजे जीवच ना? त्याले खाले-प्याले लागत नाई?"

हा प्रश्न मला कुणी विचारायला नको होता. कारण त्या दिवशी दुपारभर मी जुनं पुस्तक काढून तेच वाचत बसलो होतो. परीक्षेपुरतं पाठ केलेलं सगळं मला पहिल्यांदाच कळलं होतं, आणि मी अक्षरशः भारावलो होतो. मी उभाच राहिलो.

"तुमच्या कोठीतलं धान घ्या," मी म्हणालो. "वाळलेलं धान उन्हात टाका, त्याला काही होतं का? आणि तेच भिजवून मोड आणलेलं धान उन्हात टाका."

"सुकून मरते," एक बाई म्हणाली.

"बरोबर. दाणा एकच. मोड आलेला असतो तेव्हा नाजूक, वाळलेला असतो तेव्हा घट्ट. हा जंतूही तसाच आहे. जनावराच्या रक्तात असतो तेव्हा तो मोड आलेल्या धानासारखा. खातो, वाढतो, एकाचे दोन, दोनाचे चार होतो. तेव्हा त्याला कढत पाणीही मारतं आणि फिनाईलही मारतं. पण खाणं संपलं, वेळ वाईट आली, की तो काय करतो माहीत आहे? आपल्या पोटातच एक बी तयार करतो. त्या बियेला बीजाणू म्हणतात. तिच्यातलं पाणी काढून टाकतो. पाणीच नसलं तर उष्णता शिजवणार काय? ओली डाळ शिजते, कोरडी डाळ नुसती तापते. मग त्या कोरड्या गाभ्याभोवती एकावर एक पापुद्रे चढवतो, इतके दाट की कार्बोलिकसुद्धा बाहेरच अडून बसतं. आणि मग बाकीचं अंग टाकून देतो. उरते ती नुसती बी. ती खात नाही, पीत नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. तुमचं तणस दोन दिवस जळलं, त्याची धग चार बोटं खालीसुद्धा गेली नसेल. ती निवांत बसून राहिली. आठ वर्षं! आणि उद्या तिच्यावरचं गवत एखाद्या बैलानं खाल्लं, की रक्ताची ऊब लागताच बघता बघता जागी होऊन कामाला लागेल. केवढं हे धैर्य म्हणायचं! मला तर लाज वाटली. आपण दोन दिवस जेवण चुकलं तर जग डोक्यावर घेतो."

लोक तोंडाचा आ करून ऐकत होते. मला चेवच आला.

"आन् टेकडावरचे चौदा?" बापूजींनी विचारलं. "ते काऊन साफ निंगाले?"

"तीच तर गंमत आहे!" मी म्हणालो. 'गंमत' हा शब्द मी वापरला, आणि तो आजही मला झोपेत आठवतो. "ही बी बनवायला या जंतूला हवा लागते. जनावर सबंध असेल तर आत हवा नाही. मग जंतूला बी धरता येत नाही, आणि मढं सडतं त्यात तोही सडून जातो. टेकाडावरची गुरं सबंध पुरली, म्हणून माती साफ. तलावापाशी मात्र कुणा शहाण्यानं तो बैल कापलेला दिसतो. रक्त सांडलं, हवा लागली, बी धरली. तो बैल तसाच पुरला असता तर ना चौदा गुरं मेली असती, ना माणूस मेला असता. एक सुरी चालवली आणि..."

मी थांबलो, कारण कुणीच माझ्याकडं पाहत नव्हतं. सगळ्या माना खाली गेल्या होत्या. पत्रूनं माझ्या सदऱ्याची बाही ओढली.

रुखमाबाई खांबापासून पुढं आली. बायांनी तिला वाट दिली. ती माझ्यापुढं नाही, बापूजींपुढं उभी राहिली. हे दीर-भावजय आठ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते, हे मला नंतर कळलं.

"सायेब, तो शाना मीच," ती म्हणाली. आवाज कापत नव्हता, पण फार हळू होता. "सुरी यायच्या भावानं चालवली. पन चालव म्हनून मी सांगतलं. बैल सकाळी धडधाकट होता. दोपारी मेला. त्याच्या आदल्या दिवशी बांधावरून भाऊजीसंग माहं भांडन झाल्तं. मले वाटलं, यायनंच वीख घातलं. मी मालकाले म्हनलं, पोट फाडा. पंचाईसमोर फाडा. विखाची पुडी निंगन, तवा समजन गावाले, सख्खा भाऊ कसा असते तो. पोट फाडलं. काईच नाई निंगालं. तिसऱ्या दिवशी मालकाच्या मनगटावर काळी पुळी आली. साव्या दिवशी गेले."

आमच्याकडं विष घालून गुरं मारायच्या गोष्टी त्या काळी घडायच्या, आणि संशय आला की पोट फाडून बघायची रीतच होती. सरकारी पुस्तकात लिहिलं होतं की फाशीचं जनावर कापू नये. पण कोसमटोल्याला ते पुस्तक कोण वाचून दाखवणार होतं? मी मघाशी 'शहाणा' म्हणालो तेव्हा माझ्या डोक्यात कुणीतरी अडाणी, आडदांड माणूस होता. समोर ही बाई उभी होती, आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

"बाई, मला माहीत नव्हतं," मी कसाबसा म्हणालो.

"मले बी नवतं," ती म्हणाली. "कापल्यानंच झालं, हे आज समजलं. नथ्थूजी मले बोलले नाईत. त्याईले ठाऊक असन." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. इतका वेळ कोरडे असलेले डोळे आता भरून आले. "खरं सांगू काय सायेब? तुमी बाटल्या नेल्या, तवापासून मी रोज देवाले म्हनून राह्यलो, मेला असू दे. गावानं मले येडी म्हनलं तं चालन. पन मेला असू दे. मले सुटाचं होतं."

मी तिला आठ वर्षं हट्टाला पेटलेली बाई समजत होतो. तिला जिंकायचं नव्हतंच. ती हरायला बसली होती, आणि माझ्या कागदानं तिला जिंकवलं होतं.

"किती वर्स राहन तो अजून?" तिनं विचारलं.

खोटं बोलायचा मोह झाला. पण ज्या बाईनं मला पाहून लिहायला लावलं, तिच्याशी ते जमलं नाही. "सांगता येत नाही, बाई. वीस, तीस, चाळीस. कदाचित त्याहून जास्त. तुमच्या-माझ्या आयुष्याहून जास्त."

तिनं पदर पुन्हा खोचला. मग म्हणाली, "मंग माह्यामागं काट्या कोन लावन? माह्या पोटी कोनी नाई."

बापूजी उठले, डोक्याला टापर बांधलं आणि चावडीवरून निघून गेले. मला त्यांचा राग आला. एवढं सगळं ऐकून हा माणूस पाठ फिरवतो? रुखमाबाईनं मात्र त्यांच्या पाठीकडं पाहून नुसती मान हलवली. तिला तेवढंच अपेक्षित असावं. गाळ पश्चिमेच्या बाजूनं काढायचा, वाट लांबची पडली तरी चालेल, असं लोकांनी ठरवलं आणि सभा मोडली.

मला पत्रूनं घरी ठेवून घेतलं. पहाटे उजाडताच मी तलावाकडं गेलो. माती घेताना केलेल्या खड्ड्यात चुना घालून तो पक्का बुजवायचा होता, म्हणून हातमोजे चढवले होते. पाहतो तर पूर्वेच्या कोपऱ्यात बैलगाडी उभी. गाळ वाहण्यासाठी जिला नव्या फळ्या ठोकल्या होत्या तीच बापूजींची गाडी, आणि ती बोरीच्या काट्यांनी शिगोशीग भरलेली. बैल मात्र सोडून दूर, पार बांधापलीकडं बांधले होते. बापूजींचे दोन्ही हात रक्ताळले होते. ते एकेक फांदी ओढून जुन्या कुंपणाबाहेर दुसरी रांग लावत होते.

मी काही बोलणार तेवढ्यात पलीकडून रुखमाबाई आली. तीही रोजच्यासारखी काटी घेऊनच आली होती. ती गाडीपाशी येऊन थबकली.

"भाऊजी," ती शेवटी म्हणाली, "मी तुमाले..."

"वयनी, बैल कापाले लावला ते बरंच केलं तुमी," बापूजी म्हणाले. फांदी लावायचं त्यांचं काम चालूच होतं. "नसता कापला, तं माहा भाऊ वाचला असता, हे खरं. पन मले खुनी समजूनच मेला असता तो मनातून, कवातरी. पोटात काई निंगालं नाई, तवा त्यानं माह्याकडं पाह्यलं. शेवटचे तीन दिवस मीच होतो त्याच्यापाशी. माह्या हातानं पानी पेला तो."

रुखमाबाई खाली बसली आणि मोठ्यानं रडली. आठ वर्षांत गावानं तिला रडताना पाहिलं नव्हतं, असं पत्रू पुढं सांगायचा. बापूजींनी तिला रडू दिलं. मग त्यांनी तिच्या हातातली काटी घेतली, रांगेत खोचली आणि म्हणाले, "माहे दोन पोरं हायेत. त्याईले दाखवून ठेवतो. तुमी आता घरी जा."

ती घरी गेली नाही. डोळे पुसून उठली, गाडीतल्या फांदीचं एक टोक तिनं धरलं, दुसरं बापूजींनी. मी हातमोजे काढून खिशात घातले आणि दुसऱ्या फांदीला हात लावला.